जुन्या संगणकावरील कर्नेल पॅनिक

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या कर्नेलला सावरता न येणारी चूक आढळली, की ते पुढील सर्व काम स्वतःहून थांबवते. या अवस्थेस कर्नेल पॅनिक असे म्हणतात. ही संज्ञा युनिक्स, लिनक्स व मॅकओएस या कुळातील आहे. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये याच अवस्थेत निळा पडदा दिसतो. कर्नेल पॅनिक हा बिघाड नसून बिघाडाला दिलेला प्रतिसाद आहे. स्मृतीतील माहिती भरवशाची राहिलेली नाही असे कर्नेलच्या लक्षात येते आणि ती बिघडलेली माहिती हार्ड डिस्कवर लिहिली जाऊ नये म्हणून ते थांबते.

शाळेची संगणक प्रयोगशाळा, ग्रामपंचायतीचे कार्यालय, टंकलेखन संस्था किंवा झेरॉक्सचे दुकान अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षे जुने संगणक अजूनही वापरात असतात. त्यांपैकी एखादा अशा रीतीने थांबला, की 'फॉरमॅट मारणे' म्हणजे हार्ड डिस्क पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवणे हा उपाय सर्रास केला जातो. दोष रॅममध्ये, वीजपुरवठ्यात किंवा एखाद्या सैल केबलमध्ये असेल तर फॉरमॅटनंतरही तो तसाच राहतो. कर्नेलने थांबून जी माहिती वाचवली, ती मात्र या उपायात कायमची जाते.

स्वरूप

लिनक्समध्ये चुकांच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीला 'ऊप्स' म्हणतात. तीत चूक घडवणारी प्रक्रिया बंद केली जाते आणि उरलेली प्रणाली चालू राहते. मात्र त्यानंतर तिच्यावर फारसा विश्वास ठेवता येत नाही. दुसरी पायरी पॅनिकची. चूक व्यत्ययाची हाताळणी चालू असताना घडली, किंवा सर्व प्रक्रियांची जननी असलेली 'इनिट' ही प्रक्रियाच बंद पडली, तर पुढे जाणे शक्य नसते.

पडद्यावर येणाऱ्या संदेशात 'कर्नेल पॅनिक' या शब्दांपुढे 'नॉट सिंकिंग' असे शब्द असतात. डिस्कवर लिहिण्यासाठी स्मृतीत थांबलेली माहिती आता लिहिली जाणार नाही, असा त्याचा अर्थ. शेवटच्या काही सेकंदांत केलेले काम त्यामुळे गमावले जाते, पण आधी जतन केलेल्या फायली सहसा सुरक्षित राहतात.

संगणक चित्ररूप पडद्यावर असताना पॅनिक झाले तर अनेकदा संदेश दिसतच नाही. चित्र जागच्या जागी गोठते आणि माउस हलत नाही. अशा वेळी जुन्या गोल पिनेच्या पीएस/२ कळफलकावरील कॅप्स लॉक व स्क्रोल लॉक हे दिवे एकाच लयीत उघडझाप करू लागतात. यूएसबी कळफलकावर ही खूण बहुधा मिळत नाही. संगणक नुसता अडकला आहे की पॅनिक झाला आहे, हे ओळखण्याच्या बाबतीत जुना कळफलक नव्यापेक्षा उपयोगी ठरतो. २०२४ साली आलेल्या लिनक्स ६.१० या आवृत्तीपासून चित्ररूप पडद्यावरही संदेश दाखवण्याची सोय सुरू झाली. मात्र जुन्या संगणकांवर चालणारी संस्करणे बहुधा त्याआधीची असतात.

संज्ञेचा उगम

युनिक्सची निर्मिती १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी केली. तिच्या आधीच्या मल्टिक्स या प्रणालीत चुका सावरण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीचे प्रमाण फार मोठे होते. युनिक्समध्ये तो पसारा टाळून 'पॅनिक' नावाचे एक छोटे कार्य ठेवण्यात आले. ते चालले की यंत्र थांबत असे आणि कोणीतरी ते पुन्हा सुरू करावे, अशी अपेक्षा असे. मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी रिची यांच्याशी झालेल्या या विषयावरील संभाषणाची आठवण नोंदवून ठेवली आहे.

जुन्या संगणकांचा संबंध

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. अशा प्रत्येक टप्प्यावर काही संगणक लिनक्सकडे वळतात, कारण नवी विंडोज त्यांना झेपत नाही. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित 'बॉस' हे संस्करण विकसित केले असून त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. शाळांसाठी 'एडुबॉस' हे त्याचे वेगळे रूप आहे.

लिनक्स जुन्या यंत्रांवर चालते ही समजूत बरोबर असली तरी तिला मर्यादा आहेत. २०१३ मधील लिनक्स ३.८ पासून इंटेल ३८६ प्रोसेसरचे साहाय्य काढून टाकण्यात आले. उबुंटू १२.१० पासून पीएई ही सोय नसलेल्या प्रोसेसरवर ते संस्करण सुरू होईनासे झाले. काही पेंटियम एम प्रोसेसरांमध्ये ही सोय असते, पण ते ती जाहीर करत नाहीत. त्यासाठी 'फोर्सपीएई' हा पर्याय नंतर देण्यात आला. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिट संगणकांसाठी प्रतिष्ठापक देणे बंद केले. ३२ बिट प्रोसेसरवर ६४ बिट कर्नेल चढवले, तर ते प्रोसेसर जुळत नसल्याचे सांगून थांबते. हे काटेकोर अर्थाने पॅनिक नव्हे, पण अननुभवी वापरकर्त्याला दोन्ही सारखेच दिसते.

पुरावा जपणे

पॅनिकचा संदेश डिस्कवर लिहिला जात नाही. संगणक पुन्हा सुरू केल्यावर नोंदवहीत तो सापडेलच असे नाही. म्हणून बंद करण्यापूर्वी पडद्याचे मोबाइलने छायाचित्र घेणे हा सर्वांत साधा आणि बहुतेक वेळा पुरेसा मार्ग आहे. संदेश लांब असल्यास वरच्या ओळी पडद्याबाहेर गेलेल्या असतात आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या असतात. पहिली चूक कारण सांगते. त्याखालच्या बहुतेक चुका तिचे परिणाम असतात.

या बाबतीत जुन्या मदरबोर्डांकडे एक फायदा आहे. त्यांवर नऊ पिनांचे सिरियल पोर्ट असते. कर्नेलला सर्व संदेश या पोर्टवर पाठवण्यास सांगून केबलने दुसरा संगणक जोडल्यास शेवटच्या क्षणापर्यंतचा मजकूर तिथे उमटतो. जाळ्यात जोडलेल्या संगणकांसाठी 'नेटकन्सोल' हा पर्याय हेच काम नेटवर्क केबलवरून करतो. 'केडम्प' या सुविधेने संपूर्ण स्मृतीची प्रत घेता येते. पण त्यासाठी रॅमचा काही भाग कायमचा राखून ठेवावा लागतो, जे एक जीबी रॅमच्या संगणकाला परवडत नाही.

छायाचित्रात दोन गोष्टी शोधायच्या असतात. ६४ बिट यंत्रात 'आरआयपी' आणि ३२ बिट यंत्रात 'ईआयपी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ चूक कोणत्या कार्यात घडली ते सांगते. त्याखालील 'कॉल ट्रेस' तिथपर्यंतची वाट दाखवतो. दोन-तीन वेळा घेतलेल्या छायाचित्रांत प्रत्येक वेळी त्याच कार्याचे किंवा त्याच ड्रायव्हरचे नाव आले, तर दोष आज्ञावलीत असण्याची शक्यता जास्त असते. दर वेळी निराळे ठिकाण आले, तर रॅम, वीजपुरवठा किंवा प्रोसेसरचे तापमान यांकडे पाहावे लागते. ही कसोटी अचूक नसली तरी एकही पैसा खर्च न करता तपासाची दिशा ठरवून देते.

सुरू होतानाच येणारे पॅनिक

सर्वाधिक आढळणारा संदेश मूळ फाइलप्रणाली जोडता येत नाही असे सांगणारा असतो आणि त्याच्या शेवटी 'अननोन-ब्लॉक' या शब्दांपुढे कंसात दोन आकडे येतात. दोन्ही शून्य असतील तर कर्नेलला मूळ फाइलप्रणालीची डिस्क ओळखताच आलेली नाही, असा अर्थ होतो. कार्यप्रणाली अद्ययावत केल्यानंतर लगेच हा संदेश आल्यास कारण बहुधा क्षुल्लक असते. जुन्या संगणकांवर 'बूट' हा विभाग लहान ठेवलेला असतो. प्रत्येक अद्ययावतीकरणाबरोबर त्यात नवे कर्नेल जमा होत जाते आणि जागा संपली की नव्या कर्नेलसोबत लागणारी 'इनिटरॅमएफएस' ही फाइल अर्धवट तयार होते किंवा होतच नाही. डिस्क ओळखणारे ड्रायव्हर याच फाइलमध्ये असतात. ग्रब या प्रारंभ-सूचीतील प्रगत पर्यायांतून आधीचे कर्नेल निवडल्यास संगणक पूर्वीसारखा सुरू होतो. त्यानंतर नको असलेली जुनी कर्नेले काढून ही फाइल पुन्हा तयार करता येते. फॉरमॅटची गरज नसताना तो केला जाण्याचे हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण असावे.

काहीही अद्ययावत केलेले नसताना हाच संदेश आल्यास डिस्कची केबल, तिची वीज आणि बायोसमधील डिस्कची पद्धत तपासावी लागते. मदरबोर्डवरील सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या गोल बॅटरीवर बायोसची जुळणी टिकून असते. ती संपली की घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर येऊ शकते. विंडोजमध्ये अशा वेळी सुरू होण्याची डिस्क सापडत नसल्याचा निळा पडदा येतो. लिनक्स पुष्कळदा हा बदल पचवते, पण घड्याळ मागे गेल्यामुळे फाइलप्रणाली 'भविष्यात' शेवटची वापरली गेली होती अशी तक्रार करून तपासणीसाठी थांबते. आंतरजालावरील संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध दिसू लागणे ही त्याच बॅटरीची आणखी एक खूण.

'इनिट' बंद पडल्याचे सांगणाऱ्या संदेशात 'एक्झिटकोड' दिलेला असतो. त्याच्या शेवटी ७ हा अंक एकटाच असेल तर इनिटला लागणारे पान डिस्कवरून वाचता आलेले नसते, म्हणजे संशय डिस्ककडे जातो. शेवटी 'बी' असल्यास स्मृतीतील अवैध जागी हात घातला गेला आहे. '७एफ००' हा संकेत बहुधा आवश्यक ग्रंथालय-फाइल किंवा आज्ञा सापडत नसल्याचा असतो; अर्धवट राहिलेले अद्ययावतीकरण हे त्याचे नेहमीचे कारण.

प्रारंभीच चित्र गोठत असेल, तर ग्रबमध्ये 'नोमोडसेट' हा पर्याय देऊन ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवून पाहता येते. 'एसीपीआय=ऑफ' हाही जुना उपाय आहे, पण तो केवळ निदानापुरता ठेवावा; त्याने वीज व तापमानाचे व्यवस्थापनही बंद पडते.

चालू असताना येणारे पॅनिक

संगणक तासभर चालून थांबत असेल, तर पहिला संशय रॅमवर घेतला जातो आणि तो बऱ्याचदा खराही ठरतो. दुरुस्तीच्या दुकानांत रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसण्याची पद्धत आहे. तिने पट्ट्यांवरील मळ निघतो आणि सैल बसलेली रॅम काढून पुन्हा नीट बसवली जाते. बऱ्याचदा गुण या दुसऱ्या क्रियेचाच असतो. रबराचा भुगा खाचेत जाऊ न देणे आवश्यक आहे. यानंतर 'मेमटेस्ट८६+' ही चाचणी किमान एक पूर्ण फेरी, शक्य असल्यास रात्रभर चालवावी. त्यात एकही चूक दिसणे पुरेसे असते. दोन रॅम असल्यास त्या एकेक करून तपासल्या म्हणजे सदोष रॅम कळते. दुसरी रॅम मिळत नसेल आणि दोष एका छोट्या भागापुरता असेल, तर 'मेममॅप' या पर्यायाने तेवढा भाग वगळून संगणक वापरता येतो.

डिस्कची स्थिती 'स्मार्ट' नोंदींतून कळते. नव्याने वाटप झालेले आणि प्रलंबित असलेले सेक्टर वाढत असतील तर डिस्क निकामी होऊ लागली आहे. केवळ सीआरसी चुकांची संख्या वाढत असेल, तर डिस्क चांगली असून केबल वाईट असते.

'मशीन चेक' या नावाने येणारे पॅनिक प्रोसेसरने स्वतः कळवलेली चूक असते. ते दिसल्यास कार्यप्रणाली बदलून काहीही साध्य होत नाही.

हवामान, धूळ आणि वीज : बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण

जुन्या संगणकाच्या बिघाडात तो कोठे ठेवला आहे याला मोठे महत्त्व असते. पश्चिम विदर्भातील बुलढाणा जिल्हा त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग केले आहेत. घाटावर वसलेले बुलढाणा शहर तुलनेने थंड आहे. घाटाखालच्या पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद या भागात मे महिन्यात तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

उष्णतेने संगणक थेट पॅनिक होतो हा समज पूर्णपणे बरोबर नाही. प्रोसेसर तापला की तो आधी वेग कमी करतो आणि मर्यादा ओलांडल्यास संगणक बंद होतो. उष्णतेचा खरा परिणाम हळूहळू होतो. मदरबोर्ड व वीजपुरवठा संचातील द्रव-विद्युत कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. साधारणपणे १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर मुळातच सदोष कपॅसिटर वापरले गेले होते. त्यांचा वरचा सपाट भाग फुगलेला किंवा त्यातून तपकिरी द्रव झिरपलेला दिसतो. असा मदरबोर्ड सकाळी व्यवस्थित चालतो आणि दुपारी, प्रत्येक वेळी निराळ्या ठिकाणी, पॅनिक होतो. डोळ्यांनी दिसणारा हा दोष तपासण्यासाठी कोणतीही आज्ञावली लागत नाही; फक्त संच उघडावा लागतो.

जिल्ह्यात कापूस हे जुने पीक असून खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ आहे. जिनिंगच्या परिसरात हवेत तरंगणारे कापसाचे बारीक तंतू आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीवरून उडणारी धूळ मिळून प्रोसेसरवरील पंख्याखाली नमद्यासारखा थर बनतो. हवेचा झोत मारून तो काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. अन्यथा पंखा भलत्या वेगाने फिरून निकामी होऊ शकतो. उष्णता-शोषक धातूचा ठोकळा काढलाच, तर वाळलेली पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवू नये.

विजेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रब्बी हंगामात कृषिपंप चालू असताना ग्रामीण भागात विजेचा दाब खाली येतो. संगणकाचा वीजपुरवठा संच साधारण १८० ते २६४ व्होल्टपर्यंत काम करतो. दाब त्याखाली गेल्यास त्याची बाहेर जाणारी वीज डळमळते. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट इतकीच सूट मानकात आहे. जुन्या संचाने भार नसताना १२ आणि भार आल्यावर ११ व्होल्ट दाखवले, तर रॅम व डिस्क यांच्यावर येणारा आळ बहुधा खोटा असतो. म्हणून मल्टिमीटरने मोजणी संगणक कामात असताना करावी.

भारनियमनाच्या काळापासून घरोघरी व कार्यालयांत इन्व्हर्टर आले. वीज गेल्यावर ताण सोसण्याची संगणकाच्या संचाची क्षमता सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाइतकी असते. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असा खटका असतो. तो 'नॉर्मल'वर असेल तर बदलास अधिक वेळ लागतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. हे पॅनिक नसते. पॅनिकमध्ये कर्नेल ठरवून लिहिणे थांबवते, तर येथे लिहिणे मध्येच तुटते. त्यामुळे वारंवार खंडित होणारी वीज फाइलप्रणालीचे पॅनिकपेक्षा अधिक नुकसान करू शकते आणि पुढच्या खऱ्या पॅनिकचे कारण ठरते.

विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे राज्याच्या इतर भागांच्या तुलनेत उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. प्रयोगशाळेचा मुख्य खटका बंद असलेल्या या सुट्टीत मदरबोर्डला बाहेरून वीज मिळत नाही आणि जुनी गोल बॅटरी पूर्ण उतरते. सुट्टीपूर्वी नीट चालणारे पाच-सहा संगणक पहिल्याच दिवशी सुरू होत नाहीत, तेव्हा विषाणूचा संशय घेतला जातो. पावसाळी दमटपणामुळे रॅमच्या पट्ट्यांवर आलेला मळ आणि ही बॅटरी, या दोन गोष्टी आधी पाहणे अधिक फलदायी ठरते.

माहिती वाचवणे

कारण सापडो वा न सापडो, दुरुस्तीपूर्वी डिस्कवरील माहितीची प्रत घेणे हा क्रम बदलू नये. यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारे, संगणकाच्या जातीप्रमाणे ३२ किंवा ६४ बिट असलेले लिनक्स वापरतात. काही फार जुने बायोस पेनड्राइव्हवरून सुरू होत नाहीत. त्यांना सीडी लागते. रॅम सदोष असल्याचे कळले असेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणे श्रेयस्कर, कारण वाईट रॅममधून गेलेली प्रतही वाईट निघू शकते.

डिस्क केवळ वाचनासाठी जोडावी. 'एफएससीके' ही दुरुस्ती-आज्ञा डिस्कवर लिहिते. डिस्कच निकामी होत असताना ती चालवल्यास उरलेली माहितीही हाताबाहेर जाते. अशा डिस्कची आधी 'डीडीरेस्क्यू'ने पूर्ण प्रतिमा घेतात. ही आज्ञा सहज वाचता येणारे भाग प्रथम उचलते, अडणारे भाग मागे ठेवते आणि नंतर त्यांकडे वळते. मध्येच वीज गेल्यास नोंद-फाइलच्या आधारे पुढून सुरू करते. यूएसबी २.० वर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३० एमबीच्या आसपास असतो, म्हणजे १६० जीबीच्या निरोगी डिस्कला सुमारे दीड तास लागतो. आजारी डिस्कला रात्र लागू शकते. डिस्क तापत असल्यास तिच्यावर टेबल पंख्याची हवा राहील असे पाहावे आणि घाटाखालच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे सुरू करावे.